आज्जीची आजी करणारा कीबोर्ड (रिव्ह्यू, अडीच स्टार)

फोनबरोबर आयता येणारा मराठी कीबोर्ड आणि त्याच्यासोबतचा बोलणारा-ऐकणारा मदतनीस, दोघांचा मिळून हा रिव्ह्यू आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण बहिणीच्या फोनवर दुसराच कीबोर्ड आहे आणि रडगाणं तेच आहे. ऑफिसचे मेल, अर्ज, बातम्यांची भाषा यासाठी हा मस्त चालतो, त्याचं कौतुक करणारे रिव्ह्यू ढिगानं पडलेत, ते वाचा. मी तपासलंय एकच, की घरच्या माणसांना आपण ज्या नावांनी हाक मारतो ती याला लिहिता येतात का आणि नीट वाचता येतात का. माझं निम्म्याहून जास्त टायपिंग व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर होतं त्यामुळे माझ्यासाठी खरी परीक्षा तीच.

तक्रार आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. जिथे सुधारायची काही गरज नाही तिथे हा नाक खुपसतो, आणि जिथे खरोखर चूक असते तिथे गप्प बसतो.

आज्जी घ्या. आमच्याकडे आजीला आज्जी म्हणतात, ज वर जोर देऊन, आणि लिहितानाही दोन ज लिहितात. कीबोर्ड दरवेळी एक ज खातो. स्पेस दाबली की आजी. परत मागे जाऊन ज् घाला, पुढे जा, परत आजी. आता शब्दकोशात आजी आहे हे मलाही माहितीये, पण लाडाच्या नावात अक्षर दुप्पट होणं ही काही आजची फॅशन नाही, अक्का अप्पा अण्णा ही काय वेगळी आहेत का? कन्नडमध्ये तर आजीला सरळ अज्जीच म्हणतात, आणि अक्का, अण्णा ही मोठ्या बहीण-भावाची नावं तिकडेही आहेत, मग आमच्या दोन ज वर लाल रेघ कशाला. तीच गत आण्णाची. काही घरांत अण्णा, काही घरांत आण्णा, आणि ज्या घरात जे आहे तेच त्या घरात बरोबर, त्या माणसाच्या नावाचं स्पेलिंग कीबोर्डनं ठरवायचं नसतं. हा आण्णाचा अण्णा करतो आणि वर पुढचा शब्द सुचवतो "हजारे". नाना लिहिलं की "पाटेकर". तात्या लिहिलं की "टोपे". मला आमच्या तात्यांना एवढंच विचारायचं होतं की गोळ्या घेतल्या का.

बाकी तायडी, दाद्या, आत्तू, मावशू, बाबडू या सगळ्यांना लाल रेघा. लाल रेघ एक वेळ चालेल हो, नुसती दिसते, पण परस्पर बदलणं नको ना. भावड्याचं "भाड्याने" करून पाठवलं यानं. माऊ लिहिलं (आमच्या धाकट्या मावशीला आम्ही सगळी पोरं माऊ म्हणतो) की मांजराचे इमोजी पुढे करतो, ते मात्र मावशीला आवडलं, त्यामुळे त्याचे मार्क कापले नाहीत.

हाक मारतानाची रूपं तर याला माहीतच नाहीत. आजे, मावशे, काके, तायडे, दाद्या. मराठीत हाक मारताना शब्द बदलतो हे शाळेत व्याकरणात संबोधन म्हणून शिकवतात, विभक्तीच्या तक्त्यात शेवटच्या ओळीला असतं बघा, म्हणजे ही काही गावठी चूक नाहीये, पण कीबोर्ड बनवणाऱ्यांनी तक्त्याची शेवटची ओळ वाचली नसावी असं वाटतं. आणि लांबून हाक मारल्यासारखं लिहायचं असेल, आईऽऽ असं, तर तो ऽ म्हणजे अवग्रह शोधायला चिन्हांच्या पानांत इतकं आत जावं लागतं की तोपर्यंत आई स्वतःच येऊन उभी राहील. म्हणून मग लोक आईईईई करतात. तेही हा कापून आई करतो.

इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची जी सोय आहे ती बहुतेक जण वापरतात, मीही घाईत तीच वापरते, पण नात्यांच्या बाबतीत ती सगळ्यात बेभरवशाची आहे. वहिनी लिहायला जावं तर पहिला पर्याय येतो "वाहिनी". आमच्या ग्रुपवर एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाला "वाहिनीला खूप खूप शुभेच्छा" असं गेलं आणि त्यानंतर ती बाई कायमची वाहिनी झाली, तिचा नवरासुद्धा आता तिला चॅनल म्हणतो. सून लिहायला जावं तर सण, सन, सुन, आणि मग कुठेतरी मागे सून. दीरचं दिर. नणंद लिहायची तर ण आणि न चा घोळ आहेच, हा आधी "आनंद" दाखवतो, त्यावर मी काही बोलत नाही, माझी नणंद हे वाचेल. मम्मीचं "ममी" होतं ते वेगळंच, पिरॅमिडमधली.

आता जो भाग मला खरंच महत्त्वाचा वाटतो तो. मराठीत आदर कुठे असतो माहितीये का, एका टिंबात असतो. "आईला विचारलं" म्हणजे माझ्या आईला. "आईंना विचारलं" म्हणजे सासूबाईंना. दोघींनाही मी आईच म्हणते, दोघीही एकाच ग्रुपवर आहेत, आणि मी कुणाबद्दल बोलतेय हे फक्त त्या शेवटावरून कळतं. आईनं सांगितलं, आईंनी सांगितलं. आईचा फोन, आईंचा फोन. आणि हा कीबोर्ड आईंना या शब्दाचं काय करतो तर "आईना". आरसा! मराठीत आपण तो शब्द रोज वापरतही नाही, हिंदीतनं उचलून आणलाय सरळ. म्हणजे "आईंना बघून ये" असं नवऱ्याला लिहावं तर ते जातं "आईना बघून ये". नवरा बिचारा खरंच बघून आला की केस विस्कटलेत का.

हे झालं जिथे तो नाक खुपसतो त्याचं. उलट टिंब चुकून राहिलं आणि काकूंनीचं काकूनी झालं, मामांनाचं मामाना झालं, आजोबांचाचं आजोबाचा झालं तर लाल रेघ नाही, सूचना नाही, काही नाही. काकूनी हे रूप चूकच आहे, एकेरी असेल तर काकूनं किंवा काकूने, आदरार्थी असेल तर काकूंनी, मधलं काही नसतं. इथे टोकायला हवं होतं. दोन ज वर एवढा आटापिटा आणि इथे झोप.

पुढचा शब्द सुचवण्यातही हाच गोंधळ. बहुतेक घरांत "आई आली" पण "बाबा आले", आईला एकेरी आणि बाबांना मानानं, त्यावर भांडायचं तर वेगळं भांडू, पण बोलतात तसं. दादाचं तर घरागणिक वेगळं, कुठे दादा आला, कुठे दादा आले, काही घरांत सख्खा दादा आला आणि चुलत दादा आले. आणि सासूबाईंच्या बाबतीत "आई आल्या". कीबोर्ड मात्र बाबा लिहिलं की "आला" सुचवतो, आजोबा लिहिलं की "होता". मी रोज "बाबा आले", "बाबा म्हणाले" लिहितेय, शिकायला काय हरकत आहे त्याला, बाकी सगळं तर शिकतो, मी कुठल्या दुकानातनं काय मागवलं ते बरोबर लक्षात असतं. अहो लिहिलं की पुढे "आश्चर्यम्" येतं हे मात्र मी तसंच राहू दिलंय.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल थोडं, कारण यावरून ग्रुपवर नेहमी वाद होतात. लाडाच्या नावांना काय नियम असं लोक म्हणतात, पण एक नियम सगळ्यांना आपोआप लागू होतो, मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ. हे मी माझ्या मनानं सांगत नाहीये, मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे नियम शासनानं १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यात भर घातली, ते सगळे मिळून १८ नियम आहेत, त्यातला हा. म्हणून काकू, माऊ, आत्तू, दादू, बापू, ताई, मामी, सगळे दीर्घ. काकु आणि मामि असं लिहिलेलं दिसलं की समजायचं इंग्रजी अक्षरांतनं आलंय. हा कीबोर्ड काकु खुशाल चालवून घेतो. आणि दुसरी, याच्यापेक्षा जास्त दिसणारी चूक म्हणजे "वडीलांना". वडील मध्ये डी दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व, वडिलांना. बहीण पण बहिणीला, दीर पण दिराला, सून पण सुनेला, मूल पण मुलाला, आणि आपले नातेवाईक पण नातेवाइकांना. वडीलांना, बहीणीला हे इतक्या जणांनी इतक्या वेळा लिहिलंय की कीबोर्डनं तेच खरं धरलंय, वरच्या पट्टीत पहिला पर्याय म्हणून तेच देतो. म्हणजे बघा, आज्जी हा आमच्या घरचा शब्द, तो सुधारायचा, आणि वडीलांना ही सगळ्यांची मिळून केलेली चूक, ती पुढे करायची.

सासऱ्यांना आणि नवऱ्याला यातला तो अर्धा र पण बघितला. इंग्रजी अक्षरांतनं लिहिलं तर कधी सासऱ्यांना येतं, कधी सासर्यांना. दर्या आणि दऱ्या हे दोन वेगळे शब्द आहेत तसंच हे, सासर्यांना म्हटलं की उच्चारच बदलतो. नशीब की ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये (म्हणजे फोन-कॉम्प्युटरवरच्या अक्षरांची जी जगभर चालणारी यादी आहे तिच्यात) वेगळं आहे आणि देवनागरी मांडणीवर दाबून धरलं की मिळतं. डॅडीचा ॅ आणि ॲंटीचा ॲ दोन्ही ठीक येतात, ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि मराठीच्या वर्णमालेत शासनानं २००९ साली घेतला, त्यामुळे जुन्या फोनवर ऍ दिसायचा, तो प्रश्न आता मिटलाय.

आता आवाज. गाडी चालवताना मेसेज वाचून दाखवतो ना, ते. बाईचा आवाज आहे, स्वच्छ आहे, पण नात्यांवर आली की ती मराठी बाई नाही हे लगेच कळतं. मराठीत च आणि ज दोन-दोन तऱ्हेनं बोलतात आणि लिहायला अक्षर एकच. चमचा म्हणून बघा, पहिला च आणि दुसरा च वेगळा आहे की नाही? जय मधला ज आणि जरा मधला ज वेगळा. आणि नात्यांत ही जोडी जागोजागी आहे. आजी मध्ये जयचा ज, आजोबा मध्ये जराचा ज. पणजी आणि पणजोबा तसंच. भाचा मध्ये चमच्यातला दुसरा च, भाची मध्ये पहिला. पुढे ई आली की अक्षर मऊ होतं, म्हणून माझा भाऊ आणि माझी बहीण यातला झ सुद्धा सारखा नाही. लहान मूल हे बोलता बोलता आपोआप शिकतं, कुणी शिकवत नाही. फोनमधली बाई मात्र सगळीकडे मऊच बोलते. आजोबा हिंदीतल्यासारखे, भाचा हिंदीतल्यासारखा, जाऊबाई आणि जावई तर ऐकवत नाहीत, चुलत हा शब्द ती ज्या पद्धतीनं म्हणते त्यात आमचं सगळं चुलत घराणं परकं वाटायला लागतं.

जोडशब्द कुठे तोडायचा तेही कळत नाही तिला. मावसबहीण हा शब्द ती माव-सब-हीण असा म्हणते. शब्दातला मधला अ कुठे गिळायचा आणि कुठे बोलायचा हे मावस आणि बहीण असे दोन तुकडे डोक्यात असले तरच जमतं, सलग अक्षरं वाचत गेलं तर असंच होणार. मावस बहीण असं तोडून लिहिलं तर बरोबर वाचते. मामेभाऊ आणि आतेभाऊ ला त्रास नाही, तिथे ए आहे, गिळायला काही नाही.

वहिनीचं गमतीशीर आहे. ती व-हि-नी असं एकेक अक्षर सुटं म्हणते, बातम्यांमधल्या निवेदिकेसारखं. चूक म्हणता येणार नाही, पण घरात असं कोण म्हणतं? वैनी म्हणतात, नाहीतर ह नुसता वाऱ्यासारखा लागून जातो. मी मुद्दाम वैनी असं लिहून बघितलं, बाईनं अगदी घरच्यासारखं वाचलं, मी खूश, पण कीबोर्डनं लगेच खाली लाल रेघ ओढली. म्हणजे एकाच फोनमध्ये लिहिणाऱ्याला एक हवं आणि वाचणारीला दुसरं.

बोलून लिहायची सोय पटकन सांगते, सांगण्यासारखं फार नाही. बाळ म्हटलं की बाल लिहितो, नणंद म्हटलं की ननद, आणि "आत्याला फोन लाव" म्हटलं की "हत्या" ऐकून कसल्या कसल्या बातम्या उघडतो. काका, मामा, दादा, ताई ठीक. मालवणीत आवस-बापूस म्हणणाऱ्यांनी तर प्रयत्नही करू नका.

काय केलं की थोडं सुसह्य होतं ते सांगते, कारण कीबोर्ड टाकूनही देता येत नाही. पहिलं, आपोआप दुरुस्ती बंद करा आणि नुसत्या सूचना चालू ठेवा, निम्मा ताप जातो. दुसरं, सेटिंगमध्ये वैयक्तिक शब्दकोश असतो त्यात घरची नावं घाला, पण एक शब्द घालून भागत नाही हे लक्षात ठेवा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, याला तो वेगळा करता येत नाही, त्यामुळे आज्जी, आज्जीला, आज्जीनं, आज्जीचा, आज्जीची, आज्जीकडे असं सगळं कुटुंब घालावं लागतं. कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचं आहे. त्याच शब्दकोशात शॉर्टकट पण देता येतो, मी "आंना" लिहिलं की "आईंना" येईल असं करून ठेवलंय, आरसा कायमचा गेला.

तिसरं, कॉन्टॅक्टमध्ये नावाखाली "अधिक रकाने" उघडले की टोपणनाव आणि उच्चार असे वेगळे रकाने मिळतात. उच्चाराच्या रकान्यात भात्सा, आद्झोबा असं लिहिलं तर निदान फोन आल्यावर नाव तरी माणसासारखं घेते बाई. दिसायला विचित्र आहे पण तो रकाना दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी इंग्रजी अक्षरांची सवय सोडून इन्स्क्रिप्ट म्हणजे थेट देवनागरी अक्षरांची मांडणी शिकावी, स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे, अक्षर आपण निवडायचं, कुणी अंदाज बांधत बसत नाही, त्यामुळे वहिनीची वाहिनी होण्याचा प्रश्नच येत नाही. सासूबाईंना मात्र मी बोटानं लिहायची सोय लावून दिली आणि ती या सगळ्यात सगळ्यात चांगली निघाली, त्यांच्या जुन्या वळणाच्या अक्षरातलं ण आणि ळ सुद्धा बरोबर ओळखते. अडीचातला अर्धा स्टार तिचाच आहे.

परवाच्या अपडेटनंतर तायडी ला लाल रेघ येणं बंद झालंय, तायडे ला अजून येते. म्हणजे तिकडे कुणीतरी बघतंय. मी फीडबॅकमध्ये आईंना, काकूंनी आणि वडिलांना ही तीनच उदाहरणं पाठवलीत, लांबलचक लिहिलं की कुणी वाचत नाही म्हणून. ती तीन दुरुस्त झाली तर अर्धा स्टार वाढवेन, भाचा नीट म्हणायला लागली तर आणखी एक.